आत्याच्या नावाचं रक्त

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना अडखळायला होणार नाही. आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन ती वडवणीकडे गेली आणि काही वर्षांतच नेकनूरजवळच्या आमच्या गावी, भावाच्या घरी परत आली. का आली ते घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी कॉलेजात गेल्यावर आईनं सांगितलं. मूल झालं नाही हे एक कारण होतंच, पण चारचौघांत सांगितलं जायचं ते कारण वेगळं होतं. "हिला पोसायचं म्हंजी दोन बायका पोसल्यासारखं हाय," असं तिचा नवरा म्हणायचा.

आत्या लठ्ठ होती आणि आजही आहे. आई मात्र तुराटीसारखी वाळकी, वडीलही तसेच. एकाच चुलीवरची भाकरी, एकाच पातेल्यातलं कोरड्यास, आणि जेवणारी माणसं अशी दोन तऱ्हेची. त्यात आत्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. लेकरांची खिचडी शिजवायची, भांडी घासायची, झाडून काढायचं. मग काय, गावाला आयताच विषय मिळाला. पारावर बसलेला कुणीतरी हमखास म्हणायचा, "लेकरांची खिचडी कुठं जिरती ते दिसतंयच की बे!" आत्या न ऐकल्यासारखं करून पुढे जायची. पण त्या खिचडीचं शीतही ती तोंडात घालत नसे. मीठ बघायचं असलं तर एखाद्या लेकराला विचारायची.

हळूहळू तिनं लोकांसमोर खाणंच सोडलं. लग्नाकार्यात ती वाढायला पुढे असायची, पंगतीला कधीच बसायची नाही. घरी येऊन शिळी भाकरी खायची. मी लहान असताना तिला एकदा विचारलं होतं, "आत्या, तू तर आईपेक्षा कमी खातीस. मग तू जाड कावून?"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू शिकून मोठा हो अन् मलाच सांग."

पोराला गप्प करायला म्हटलेलं वाक्य होतं ते. पण ते माझ्या डोक्यात बसलं.

अकरावीला मी बीडला विज्ञान शाखेत गेलो. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडील म्हणत होते गवंड्याच्या हाताखाली जाऊ दे, हातात कला येईल. आत्यानं ऐकलं नाही. खोलीचं भाडं तिच्या मानधनातून जायचं आणि जेवण एसटीनं यायचं. आमच्याकडे शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे असेच जातात. सकाळी पहिल्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारी, फडक्यात बांधलेले डबे ओळीनं ठेवलेले असतात आणि बीडच्या स्थानकावर पोरं आपापला डबा उचलून नेतात. आत्या पहाटे उठून भाकरी करायची, झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं माझं नाव पुसट झालं की पुन्हा गिरवायची, आणि डबा स्वतः गाडीत ठेवायची.

एकदा डबा उघडला आणि आतली भाकरी बघून मी थांबलो. नाव माझंच होतं. पण आत्याची भाकरी जाड असते आणि कडेला तिच्या अंगठ्याचा दाब उमटलेला असतो. ही भाकरी पातळ, कडा गुळगुळीत. सोबत मेथी, आणि आमच्या रानात तेव्हा मेथी नव्हतीच. गाडीत डबे सांडले होते आणि घाईत कुणीतरी याचं झाकण त्याला लावलं होतं. मी स्थानकावर परत गेलो तर शेजारच्या गावचं एक पोरगं माझ्या आत्याची भाकरी हातात धरून माझी वाट बघत होतं. "तुझीच ना ही?" तो म्हणाला. "मायनं असली जाड भाकर जल्मात केली न्हाई." आम्ही हसलो आणि तिथंच बाकावर अर्धी अर्धी भाकरी वाटून खाल्ली. या डब्याची गोष्ट मी उगाच सांगत नाही. पुढे ती कामाला आली.

बीएस्सी झालं, मग एमएस्सी, आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मला सहायकाची नोकरी लागली. काम संगणकावरचं, आणि विषय लठ्ठपणा. मुलाखतीत त्यांनी विचारलं, हाच विषय का. मला आत्याचे पिठाचे हात दिसले, पण मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं.

आमचं काम साध्या भाषेत असं. आपल्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेली जनुकं असतात. ती जन्माला येतानाच ठरलेली असतात आणि पुढे बदलत नाहीत. प्रथिनांचं तसं नाही. ती रक्तात रोज कमीजास्त होतात. जाड माणसाच्या रक्तात काही प्रथिनं जास्त सापडतात. पण ती जास्त आहेत म्हणून माणूस जाड झाला, की माणूस जाड झाला म्हणून ती वाढली, हे नुसतं रक्त बघून कळत नाही. जनुक आधीचं असतं, म्हणून त्याची साक्ष काढता येते. एखादं प्रथिन जन्मापासूनच जास्त बनवणारं जनुक ज्यांच्याकडे आहे, ती माणसं खरोखरच जास्त जाड होतात का, हे पुष्कळ लोकांमध्ये तपासलं की कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे थोडं थोडं उलगडत जातं. यासाठी एकाच माणसाची दोन्ही माहिती लागते. एकाच माणसाची, हे महत्त्वाचं.

खेड्यांतले नमुने घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या मॅडमनी मला माझ्या भागातली गावं विचारली. मी इतर गावांबरोबर आमचंही नाव सांगितलं. बायका गोळा करायचं काम आपोआप आत्याकडे आलं. अंगणवाडीमुळे तिला प्रत्येक घर माहीत होतं. प्रत्येक घरातून एकच बाई, जाड असो की बारीक, असा नियम होता. आमच्या घरातून आत्यानं स्वतःचं नाव दिलं.

गावच्या बुद्धविहाराच्या ओसरीत शिबिर लागलं. पहिल्या दिवशी मी गावात होतो. त्या दिवशी वजन, उंची, कमरेचा घेर आणि जनुकांसाठी नळीत लाळ. येताना मिसरी लावू नका, तंबाखू खाऊ नका, असं सांगितलेलं. बायकांना ती नळी बघूनच हसू फुटलं.

"थुंकी न्यायला पुण्याहून गाडी आली का? अन् माझा नवरा रोज फुकट थुंकतुय त्याचं काय?"

"त्याची नेली तर गाडी भरंल गं!"

आत्या एका बाजूला उभी राहून सगळ्यांना शिस्त लावत होती. स्वतः वजनकाट्यावर चढायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं बायकांकडे पाठ केली आणि नर्सला म्हणाली, "मोठ्यानं सांगू नका ताई." नर्सनं आकडा गपचूप लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. मी आदल्या संध्याकाळच्या गाडीनंच पुण्याला परतलो होतो.

पुढचे काही महिने मी संकेतांकांच्या जगात होतो. आमच्याकडे नावं येत नाहीत, फक्त आकडे येतात. कोणता नमुना कोणाचा हे आम्हाला कळत नाही आणि कळूही नये. केंद्र कोणतं एवढंच दिसतं. जनुकं आणि प्रथिनं यांची सांगड घालण्याआधी आम्ही एक पडताळणी करतो. रक्तातली काही मोजकी प्रथिनं जनुकांच्या पक्क्या हुकमात असतात. जनुक बघून सांगता येतं की या माणसाच्या रक्तात अमुक प्रथिन भरपूर सापडेल, तमुक जवळपास नसेल. बाकी सगळ्या केंद्रांचं जुळत होतं. एका केंद्रातले बरेच नमुने जुळेनात. लाळ एक सांगत होती, रक्त दुसरंच. काही ठिकाणी तर नोंदीतलं वजन भरपूर, पण चरबीच्या पेशी सोडतात ते प्रथिन अगदीच थोडं.

ते केंद्र आमचं गाव होतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. कारण सापडलं नाही तर हे केंद्र वगळावं लागेल." मी मान डोलावली. मनात आत्या होती. तिनं घरोघरी जाऊन बायका बोलावल्या होत्या, आपल्या शब्दावर. त्यांचं सगळं फेकून दिलं असं तिला कसं सांगायचं?

त्याच आठवड्यात सुटी काढून गावी गेलो. तिला बघितलं आणि नमुने विसरलो.

आत्या उतरली होती. पण बरं वाटावं असं उतरणं नव्हतं ते. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. दुपारी ताटात चतकोर भाकरी घेऊन बसली आणि तीही पुरती खाल्ली नाही. आईनं सांगितलं की अंगणवाडीत चुलीजवळ तिला भोवळ आली होती, सेविकाबाईंनी धरलं म्हणून वाचली.

"झालंय काय हिला?" मी विचारलं.

"काय होणार? साखर निघाली आक्काला," आई म्हणाली. "त्या शिबिराचा कागद आलता. तुला सांगू नको म्हणली."

शिबिरात भाग घेतलेल्यांना साखरेचा वगैरे साधा अहवाल घरपोच मिळाला होता, तोच हा कागद. आत्याच्या नावापुढे साखर चांगलीच वाढलेली. खाली छापलं होतं, आरोग्य केंद्रात पुन्हा तपासून घ्या. मी विचारलं, "मग पुन्हा तपासलीस?"

"काय तपासायचं त्यात?" आत्या जमिनीकडे बघत म्हणाली. "माझ्या अंगाकडं बघितलं तरी कळतंय. इतकी वर्षं लोक म्हणत होते, आता कागदबी म्हणला. खाणं तोडलं की बसंल जागेवर."

औषध नाही, डॉक्टर नाही, नुसती उपासमार.

आईनं चहा आणला. आत्याला बिनसाखरेचा, मला आणि स्वतःला साखरेचा. आईनं आपल्या कपात आणखी चमचाभर घातली. चहाच्या आधी तांब्याभर पाणी प्यायली आणि चहानंतर पुन्हा. मी ते बघत होतो, पण त्या वेळी डोक्यात काही आलं नाही.

विषय बदलावा म्हणून मी सहज म्हणालो, "माय, शिबिरात रक्त काढताना बायका घाबरल्या असतील ना?"

"घाबरायचं काय त्यात?" आई म्हणाली. "मुंगी चावल्यावानी वाटलं जरासं."

"तुला कसं ठाऊक?"

"ठाऊक म्हंजी? मीच तर गेल्ते."

मी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी अचानक तपासणीला मोठ्या बाई येणार म्हणून निरोप आला," आत्या सांगू लागली. "मला पहाटेच अंगणवाडीत जावं लागलं. नाव तर दिलेलं. मीच न्हाई गेले तर बायका काय म्हणतील? म्हणून वैनीला माझी नंबराची चिठ्ठी देऊन पाठवलं."

"अन् मी बी उपाशीच हुते," आई म्हणाली. "रक्त घेणारे येगळेच हुते. नाव विचारलं, आक्काचं सांगितलं. एकाच घरातलं रक्त. एका चुलीवर जेवतो. त्यात काय येगळं निघणार हाय?"

"अजून कुणी असं पाठवलं होतं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "लई जणींनी," आत्या म्हणाली. "कापूस येचायला जायचं हुतं. कुणी जावंला पाठवलं, कुणी सासूला. घरचंच माणूस, परकं थोडंच?"

मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. झाकणावरचं नाव आत्याचं होतं आणि आतली भाकरी आईची. गावाच्या नमुन्यांचं कोडं सुटलं होतं, पण तेव्हा मला त्याचं काही नव्हतं. मी आईकडे बघत होतो. तिच्या हातातल्या तांब्याकडे.

"माय, तुला तहान लई लागती का?"

"लागती की. उन्हाचे दिस हायत."

उन्हाचे दिवस नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघींना उपाशीपोटी नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गाडीत आई सारखी कुरकुरत होती, "मला कावून नेतुस? मी काय जाड हाय?" आत्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. रक्त दिलं आणि आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. आत्यानं मांडीवर दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते. मी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. खोटा धीर द्यायचा नव्हता.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी आत्याला बोलावलं. "मावशी, तुमची साखर अगदी नीट आहे. पण रक्त कमी झालंय. जेवत नाही का?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "माझीच ना? नीट बघा बाई."

"तुमचीच. मी स्वतः नाव विचारून घेतलंय. वजन थोडं कमी करा, चाला, पण उपाशी राहू नका. वेळेवर जेवा."

मग आईची पाळी. साखर वाढलेली होती. डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करून खात्री केली आणि म्हणाल्या, बरं झालं आत्ताच आलात, अजून काही बिघडलेलं नाही, गोळ्या आणि पथ्यानं आटोक्यात राहील. आईला पटेना. "पर बाई, मी तर काडी हाय," ती परत परत म्हणत होती. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या की हा आजार अंग बघून येत नाही.

बाहेर आल्यावर आत्यानं कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "भूक लागली."

स्थानकासमोरच्या हॉटेलात आम्ही गेलो. बाहेर बाकावर गावातलीही दोन माणसं बसली होती. आत्यानं त्यांना ओळखलं, मला वाटलं आता ती मागं फिरेल. ती त्यांच्या समोरच्याच बाकावर बसली आणि पोह्यांची प्लेट मागवली. पदर सावरला आणि सावकाश, चावून चावून, सगळे पोहे खाल्ले. लोकांसमोर बसून खाताना मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

पोऱ्यानं चहा आणला. आत्यानं आईचा कप स्वतःकडे ओढला. "वैनी, आता बिनसाखरेचा कुणाचा?"

"आक्का, लई खूश नका हुऊ!" आई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात भीतीही थोडी होती. आत्यानं तिचा हात धरून ठेवला.

मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक आपली आहे. एकाच माणसाचं का लागतं, हे आपण त्यांना सांगितलंच नाही." केंद्र वगळलं नाही. ज्यांचं जुळत नव्हतं त्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं ठरलं, आणि साखरेचे कागद ज्यांना गेले होते त्या सगळ्यांची तपासणीही पुन्हा. मी गावातच होतो, म्हणून विहारात बायकांना समजवायचं काम माझ्याकडे आलं. मी डब्याची गोष्ट सांगितली. मग म्हणालो, "लग्नानं घर बदलतं, आडनाव बदलतं. पण जनुकं तुम्हाला तुमच्या आईबापाकडून आलेली असतात. ती शेवटपर्यंत माहेरचीच राहतात. जावेचं रक्त तुमच्या नावानं चालत नाही."

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी इतकी वर्षं सासरी राबले तरी आतून माहेरचीच का मी?"

"व्हय, आजी."

"बरं झालं बाई! तेवढं तरी माझं ऱ्हायलं."

या वेळी आत्यानं प्रत्येकीला हाताला धरून आणलं, आणि स्वतः सगळ्यांत आधी बसली.

पुण्याला परत निघताना तिनं मला थांबवलं. "तू जे काम करतुस ते मला कागदावर लिहून पाठव. फोनवर सगळे ऐकत्यात. मला माझं माझं वाचायचंय." ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. अक्षर मोठं असेल तर सगळं वाचते. मी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि टपालानं पाठवलं. ते पत्र असं:

आत्या,

सप्रेम जयभीम.

मी पोचलो. तू बांधून दिलेली भाकरी गाडीतच खाल्ली. शेजारच्या माणसालाही दिली. एवढी जाड भाकरी बघून तो चकित झाला.

लहानपणी मी तुला विचारलं होतं, तू जाड कावून. तू म्हणाली होतीस, शिकून मोठा हो अन् मलाच सांग. मला अजून पूर्ण उत्तर माहीत नाही. खोटं सांगणार नाही. तुझ्या नळीतून काय निघालं हे मला कळत नाही, आणि आमचं काम एकट्या माणसाचं उत्तर सांगतही नाही. पण जेवढं शिकलो तेवढं सांगतो.

कुणाच्या अंगात भूक किती लागावी, पोट भरलं हे मेंदूला कधी कळावं, खाल्लेलं किती साठवावं, हे पुष्कळ जनुकं मिळून ठरवतात. ती आपण निवडत नाही. ती आजोबा-आजीकडून तुला आली, माझ्या वडिलांनाही आली, पण वाटणी सारखी झाली नाही. आई तर दुसऱ्या घरची. म्हणून एका चुलीवर जेवूनही तुमची अंगं सारखी नाहीत. खाण्यापिण्याचा आणि चालण्याचा फरक पडतो, नाही असं नाही. पण जे लोक तुझ्या अंगाकडे बघून तुझ्या ताटाचा हिशोब करत होते, ते चुकीचे होते. वडवणीचे लोकही चुकीचे होते. हे मी तुझा भाचा म्हणून नाही, या विषयात शिकलेला माणूस म्हणून लिहितो.

डॉक्टरांनी सांगितलं तसं चालायला जात जा. आईला सोबत ने, तिलाही चालायचंच आहे. तिच्या चहावर लक्ष ठेव, ती डब्यातून साखर चोरते. रात्रीची भाकरी सोडू नकोस.

आणि एक. पुढच्या महिन्यात आपल्या शेजारी लग्न आहे ना? मी येतोय. वाढायला दुसरं कुणीतरी उभं राहील. तू माझ्या शेजारी पंगतीत बस.

तुझा भाचा